झेड समाजाची वाढती संख्या

माझ्या बहिणीचा हात मंद आहे असं केसरीनाथने तिच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने लिहिलं, त्या दिवशी मी त्याचं वाटोळं करायचं ठरवलं. ठरवून झाल्यावर भूक लागली. कँटीनमध्ये दोन प्लेट उसळपाव खाल्ला आणि पुन्हा एकदा ठरवलं, कारण उपाशीपोटी ठरवलेलं माझं काही टिकत नाही.

हे १९७८ साल. कामतघरात आमचं यंत्रमाग सुटे भाग सहकारी भांडार होतं. भिवंडीतल्या कुठल्याही सभासदाच्या लूमचा धोटा फुटला, पट्टा तुटला, की तो आमच्या खिडकीवर यायचा. त्याचे लूम किती, कुठल्या बनावटीचे, तिमाहीचा कोटा उरलाय का, हे बघून त्याला चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी दाखवली की गोदामातून माल. तोवर लूम बंद आणि कारागीर बिडी ओढत बसलेला. पूर्वी हे काम चांगदेव नावाचे म्हातारे कारकून चोपडीत बघून करायचे. त्यांना एका माणसाला चार मिनिटं लागत. मग भांडाराने मुंबईच्या एका गिरणीने टाकून दिलेला कॉम्प्युटर उचलून आणला, चांगदेवांना नारळ दिला, आणि एका माणसाला अकरा मिनिटं लागायला लागली. याला आधुनिकीकरण म्हणत.

मी, लडकू, मशीन-रूममध्ये ऑपरेटर. ऑपरेटरने कार्डं मशीनच्या तोंडात ठेवायची, चिठ्ठी बाहेर आली की खिडकीवर नाव पुकारायचं आणि मधली अकरा मिनिटं मशीनकडे काळजीने बघायचं. माझी मोठी बहीण चंद्रा पंचिंगला. ती समोरचा अर्ज बघत टाइपरायटरसारख्या यंत्रावर बोटं चालवायची आणि पुठ्ठ्याच्या कार्डात बारीक भोकं पडायची. मशीनला फक्त भोकं वाचता येत. आम्ही काल्हेरचे. आमच्या घराण्यात आजवर लोकांनी भात लावला, खाडीत जाळी टाकली, पण पुठ्ठ्याला भोकं पाडण्यासाठी ठाण्याला जाऊन क्लास करणारी चंद्रा पहिलीच. तासाला दहा हजार वेळा तिची बोटं पडत. चूक शून्य.

केसरीनाथ आमचा साहेब. मुंबईत सहा आठवड्यांचा कोर्स करून आलेला, त्यामुळे मशीनचा सगळा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिलेला. तेवढंच असतं तर त्याला कुणीही हाकललं असतं, पण तो चेअरमन दाजीशेठचा जावई होता. दाजीशेठ वजनदार माणूस. त्यांच्या शब्दावर अर्धं कामतघर उठायचं आणि उरलेलं त्यांना दिसलं की उठायचं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं की मशीन एवढं रखडतं का. केसरीनाथ उभा राहून म्हणाला, "इनपुट मंद, म्हणून आउटपुट मंद." कमिटीत एका वाक्यात दोन इंग्रजी शब्द आले की पुढे कुणी विचारत नसे. त्याच दुपारी त्याने चंद्राला बोलावलं आणि तिच्यासमोर शेरा लिहिला: हात मंद. मशीनला उपास घडतो. कामावरून कमी.

चंद्राने शेरा वाचला. "साहेब, मंद म्हंजे किती मंद?" एवढंच विचारलं.

"ते मोजायची गरज नाही," केसरीनाथ म्हणाला. "मशीनकडे बघून कळतं."

घरी आईने ऐकलं आणि तिने चुलीसमोर बसूनच केसरीनाथच्या सात पिढ्यांचा हिशेब सुरू केला. "त्याच्या मशीनीत उंदीर व्यावोत," ती म्हणाली. आईचं नाव ठकुबाई आणि तिचे शाप साधारणपणे लागतात, पण त्यांना वेळ लागतो. चंद्रा भाकऱ्या थापत होती आणि मी मोजलं, मिनिटाला तीन.

खरा घाव आठवड्याने बसला. चंद्राचं कशेळीला ठरत आलं होतं. मुलाची आई पुतळाबाई एका सकाळी नणंदेला घेऊन आली आणि ओटीवर बसून म्हणाली, "ठकुबाय, आमी आयकलं का पोरीचा हात मंद हाय. लकवा हाय का?"

"लकवा तुज्या बोलण्याला झालाय," आई म्हणाली.

"रागवू नको. छापील बुकात लिवलंय म्हनं."

मग पुतळाबाईने परीक्षा घेतली. चंद्राला पाट्यावर पावशेर मिरच्या वाटायला लावल्या. चंद्राने त्या अशा वाटल्या की गल्लीतली कुत्री शिंकत निघून गेली. पुतळाबाईने मिरची बोटाला लावून बघितली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बारीक हाय. पन छापील बुकात लिवलंय ना." आणि दोघी गेल्या. नवऱ्या मुलाचं चंद्राला फार काही नव्हतं. पण त्या दिवशी पाटा धुताना ती पहिल्यांदा शेऱ्याबद्दल बोलली. "लडकू, त्यानं माज्या हाताला नाव ठेवलं. मला त्याचा हात पायजे."

मी विचारलं, "तोडून?"

"न्हाय," ती म्हणाली. "जोडलेलाच."

मला अर्थ कळला नाही, पण सूर कळला.

चंद्राच्या जागी ठाण्याहून दोघं आले. दोघं मिळून तिच्या निम्मं काम करत. इनपुट निम्मं झालं. केसरीनाथचं म्हणणं खरं असतं तर मशीनला चिठ्ठीला बावीस मिनिटं लागायला हवी होती. लागली अकराच. मशीनला उपास घडत होता आणि तरी ते पूर्वीइतकाच वेळ खात होतं. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मी मोजायला बसलो.

मोजायला घड्याळ नव्हतं. माझ्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन वर्षांपूर्वी कामाला कंटाळून गेला होता. पण भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता आणि भिंतीलगतचा लूम मिनिटाला एकशेवीस ठोके मारायचा, बिनचूक. कुणाच्याही घड्याळापेक्षा चांगला. शिवाय वीज गेली की लूम आणि कॉम्प्युटर एकदम थांबत, त्यामुळे मोजणी चुकायची सोयच नव्हती. मी ठोके मोजले. चंद्राच्या तासाला दहा हजारांच्या हिशेबाने एक कार्ड पाडायला साधारण बावीस ठोके. मशीनला उत्तर शोधायला तेराशे वीस.

म्हणजे वेळ हातात जात नव्हता, पोटात जात होता. पोटात काय होतं? एक मोठी तबकडी, तीवर साडेचौदा हजार सभासदांची नोंद. मशीन शोधायला लागलं की तबकडीवरचा दांडा खटखट पुढेमागे व्हायचा. कोणासाठी किती खटखटतो हेही मी मोजायला लागलो. केसरीनाथने मला कागदावर रेघा ओढताना पकडलं.

"काय लिहितोस?"

"रामनाम, साहेब."

तो खूश झाला. त्याचा स्वतःचाही उपाय त्याच जातीचा होता. त्याने मशीन-रूममध्ये चपला बंद केल्या. दुसरा एअरकंडिशनर लावला, त्यामुळे आम्हाला सर्दी झाली आणि मशीनला काही झालं नाही. मग मुहूर्त बघून दाजीशेठच्या हस्ते मशीनसमोर नारळ फोडला. नारळ चांगला निघाला. पाणी थेट कार्ड वाचायच्या फटीत गेलं आणि भांडार दोन दिवस बंद राहिलं. एवढं झाल्यावर त्याने खिडकीवर नोटीस लावली: गर्दी टाळण्यासाठी अन्सारी यांनी फक्त सोमवारी व गुरुवारी यावे. मोमिन: मंगळवार. म्हात्रे, मढवी, मुकादम: बुधवार. बाकी सर्व: शनिवार. शुक्रवारी अख्ख्या भिवंडीला सुटी असते आणि रविवार केसरीनाथने स्वतःकडे ठेवला.

शनिवारी मशीन सुसाट. चिठ्ठ्या भराभर. केसरीनाथने दाजीशेठना फोन करून सांगितलं की सुधारणा झाली. सोमवारी रांग वऱ्हाळा तलावापर्यंत गेली आणि लोक तिथेच आंघोळी करून पुन्हा रांगेत येऊ लागले.

अशाच एका सोमवारी रांगेत झकीउल्ला अन्सारी होता. शांतिनगरचा, चार लूमवाला, नवा सभासद. मी त्याचं कार्ड घातलं, आणि काळजीने बघायला खुर्ची ओढतोय तर चिठ्ठी बाहेर. आठ ठोके. म्हणजे चार सेकंद. मी नाव पुकारलं तेव्हा झकीउल्लाने बिडी ओठात धरली होती, काडी ओढायची होती.

"अरे लडकूभाई, इतना जल्दी? मशीन बीमार है क्या?"

मागून कुणीतरी ओरडलं, "साहब का रिश्तेदार होगा!"

मी त्याचा अर्ज काढून बघितला. अर्जावर आधी आडनाव लिहायचं असतं. पण आपल्याकडे नाव विचारलं की माणूस आपलं नाव सांगतो, आडनाव कशाला सांगेल? अर्धे अर्ज उलटेच यायचे आणि चंद्रा पंच करताना ते मनातल्या मनात सुलटे करायची. ठाण्याच्या दोघांना ही अक्कल नव्हती. त्यांनी झकीउल्लाची सभासद-नोंदही जशी होती तशी ठोकली. मशीनच्या लेखी त्याचं आडनाव झकीउल्ला होतं. झेडने सुरू होणारं.

आता मला आणखी एकच गोष्ट बघायची होती. सभासदांची मूळ कार्डं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लाकडी पेट्यांत रचलेली होती. शेजारच्या कारखान्यातून कापड मोजायची पट्टी आणली आणि मोजली. ए अक्षराची कार्डं तीन फूट एक इंच. एमची एक फूट आठ इंच. झेडची नखाएवढी. एक्सच्या पेटीत केसरीनाथची सुपारी होती.

घरी जाऊन मी हे चंद्रासमोर मांडलं. केसरीनाथने तबकडीचे सव्वीस सारखे खण पाडले होते, एका अक्षराला एक. त्याच्या कोर्सच्या वहीत सरावासाठी सव्वीस नावं होती, प्रत्येक अक्षराचं एक, झेडला कोणी झुबिन. त्याला वाटलं जग असंच असतं. एका खणात सहाशे माणसं मावतात. भिवंडीत अन्सारीच पाच हजारांवर. खण भरला की उरलेले तबकडीच्या टोकाला जादा जागेत, आणि तिथे प्रत्येकाच्या नोंदीत एवढंच लिहिलेलं की पुढचा अमुक ठिकाणी बघा. म्हणजे एका अन्सारीची चिठ्ठी काढायला मशीन पाच हजार अन्सारींच्या दारावर जाऊन विचारत होतं, तुम्हीच का ते? न्हाय, पुढं बघा.

चंद्रा ऐकत होती. मग म्हणाली, "आडनावावर वाटणी कशाला? लायसनचा नंबर हाय की. कारखान्याच्या दारावर रंगवलेला. शेवटचे दोन आकडे घे, शंभर खण पाड. मी सगळे अर्ज हाताखालून घातलेत, शेवटचे आकडे सगळीकडं सारखे पडतात. एका खणात दीडशेच्या आत माणूस."

"कार्डावर तो नंबर कुठाय?"

"अर्जावर हाय. कार्डावर त्यानंच घेतला न्हाय. बोलला, दारावर लिवलाय तर मशीनला काय करायचाय."

मी उठलो. "उद्याच दाजीशेठकडे जातो."

"बस खाली," चंद्रा म्हणाली. "उद्या सांगशील तर जावई बोलेल, मलाच सुचलं. सांगायचं न्हाय. मागू दे."

"आणि तोवर?"

तिने पाट्याकडे बघितलं. "तोवर लोकांची सोय बघ. झेडमध्ये लई जागा हाय."

इतकी शांत सूडबुद्धी मी आमच्या घरात पाहिली नव्हती. आई शाप देते तेव्हा निदान आवाज येतो.

दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीवर समाजसेवा सुरू केली. रांगेत थकलेला माणूस दिसला की हळूच सांगायचं, चाचा, नावबदलाचा फॉर्म भरा, झेडने सुरू होणारं काहीही घ्या, चार सेकंदांत चिठ्ठी. बातमी कामतघरातून शांतिनगरात जेवणाच्या सुटीत पोचली. आठवड्याभरात झुंबर आले, झेंडे आले, झकास आले. एका म्हाताऱ्या मोमिनाने आडनाव झंडू घेतलं, का विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतं म्हणून. आमच्या काल्हेरच्या एका पाटलाने पण झेड घेतला आणि घरी बायकोला सांगितलं नाही.

आता कमाल बघा. केसरीनाथला महिनाअखेरच्या आकड्यांत झेड दिसला. अकरावरून एकोणीसशे. त्याने खाली विचारलं नाही, अर्ज बघितले नाहीत, थेट कमिटीला टिपण लिहिलं. विषय: झेड समाजाची वाढती संख्या. त्यात म्हटलं होतं की हे लोक बहुधा गुजरातेकडून आलेले असावेत, स्वभावाने शांत व शिस्तीचे आहेत, मशीन त्यांना पसंत करते, आणि त्यांच्यासाठी शनिवार राखून ठेवावा. एका सभासदाने विचारलं, हे लोक राहतात कुठे? केसरीनाथ म्हणाला, "विखुरलेले आहेत."

त्याला हे माहीत नव्हतं, म्हणजे त्यानेच लिहिलं होतं पण माहीत नव्हतं, की नाव बदललं तरी जुनी नोंद तबकडीवरून जात नाही. वर्षअखेरीला एकदम साफ करायची असा त्याचा नियम. प्रत्येक झकास अन्सारी म्हणूनही जागा अडवून बसला होता. झेडचा खण भरला, मग तेही टोकाच्या जादा जागेत जायला लागले. अन्सारी, मोमिन आणि झेड समाज, सगळे एकाच ओसरीवर. मी रोज ठोके मोजत होतो. झेडला आठाचे चाळीस झाले, चाळीसाचे दोनशे. आणि एका गुरुवारी सकाळी दहाला दांडा थांबला आणि टाइपरायटरवर आपोआप एक ओळ उमटली. जागा नाही, अशा अर्थाची. मी दुसरं कार्ड घातलं. जागा नाही. दिलेल्या चिठ्ठीची नोंदही मशीन त्याच जादा जागेत ठेवायचं, त्यामुळे अर्ज जुन्या सभासदाचा असो की नव्याचा, मशीन म्हणे जागा नाही.

दोन दिवसांत भिवंडीचे तीन हजार लूम चिठ्ठीवाचून उभे राहिले. इतकी शांतता पसरली की लोकांना झोप येईना. लोक भांडारासमोर जमले. ठाण्याचे दोघं पंचिंगवाले मागच्या खिडकीतून गेले आणि पुढे कधीच दिसले नाहीत. केसरीनाथ मशीनची झाकणं उघडून आत बघत होता, जणू कुणीतरी आत बसलंय.

दाजीशेठ आले. गर्दीने वाट दिली. ते मशीनकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "तू ठकुबायचा ना? तू सगळ्यांत कमी घाबरलेला दिसतोस. बोल."

मी पट्टी घेतली आणि पेट्या दाखवल्या. तीन फूट एक इंच. एक फूट आठ इंच. मग ठोक्यांच्या रेघांचे कागद. पंचिंगला बावीस ठोके, मशीनला तेराशे वीस. ठाण्याचे दोघं निम्म्या वेगाने पंच करत होते तेव्हाही तेराशे वीस. दाजीशेठना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण गोठा कळत होता. ते म्हणाले, "म्हंजे सव्वीस गव्हाणी बांधल्या आनि सगळी गुरं एकीला सोडली."

"हो."

"आनि ती पोर?"

"तिचा काय संबंध नव्हता."

दाजीशेठ जावयाकडे वळले. "आनि हा झेड समाज?"

केसरीनाथ म्हणाला, "मामंजी, त्यांची शिस्त..."

"गप," दाजीशेठ म्हणाले. मागे झकीउल्ला उभा होता, त्याने अदबीने सलाम केला आणि म्हणाला, "सेठ, उस समाज का पहला आदमी मैं हूँ." लोक हसले. केसरीनाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि मला उसळपावाची आठवण आली, इतकं बरं वाटलं.

उपाय मी सांगितला, पण अर्धाच. लायसन नंबराने शंभर खण. त्यासाठी सगळी कार्डं अर्जांवरून नव्याने पाडायला हवीत. ती चार-पाच दिवसांत पाडेल असं माणूस भिवंडीत एकच. आणि तिचा हात मंद आहे, तसं बुकात आहे.

दाजीशेठ जीपने काल्हेरला आले. केसरीनाथ मागच्या सीटवर. मी टपावर बसायला तयार होतो, पण मला पुढे बसवलं. आईने अंगणात खाट टाकली, ती फक्त दाजीशेठसाठी. केसरीनाथ उभा राहिला.

"ठकुबाय, पोरीला पाठव," दाजीशेठ म्हणाले. "तीन हजार लूम हुबे हायत."

"पोरीला लकवा हाय," आई म्हणाली. "कशेळीला समद्यांना म्हाईत हाय."

"आई," चंद्रा दारातून म्हणाली. ती बाहेर आली, हात पदराला पुसत. "येते. दोन गोष्टी हायत. शेरा त्यांच्याच हातानं खोडायचा, आनि खोडल्याचं लाउडस्पीकरवर वाचायचं, रांगेसमोर."

"झालं," दाजीशेठ म्हणाले.

"दुसरी. सगळी कार्डं मी पाडीन. झेडची सोडून. ती एकोणीसशे साहेब पाडतील. नावं जुनी, नंबर नवे. आनि ती मी तपासीन."

"मी?" केसरीनाथ म्हणाला. "मी सिस्टिम बघतो. पंचिंग माझं काम नाही."

"तुमचा समाज हाय," चंद्रा म्हणाली. "तुमी शोधलाय."

दाजीशेठ खाटेच्या दोरीवर बोट फिरवत बसले. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला तीन हजार लूम, आणि मधे त्यांची स्वतःची मुलगी, जी घरी गेल्यावर काय बोलेल ते त्यांना ठाऊक होतं. मग म्हणाले, "केसरीनाथ, बोटं हायत ना तुला? पाड."

दुसऱ्या सकाळी केसरीनाथने शेरा खोडला आणि तसं रांगेसमोर लाउडस्पीकरवर वाचलं. चांगदेवांना चोपडीसकट परत बोलावलं आणि तोवर चिठ्ठ्या त्यांनी दिल्या, चार मिनिटाला एक. पुढच्या पाच दिवसांत चंद्राने बारा हजारांवर कार्डं पाडली. शेजारचा लूम सुरू झाला की ती त्याच्याशी शर्यत लावतेय असं वाटायचं आणि लूम हरायचा. तिची कार्डं तपासायची नाहीत, असं दाजीशेठनी स्वतः सांगितलं. प्रोग्राम केसरीनाथने बदलला, मी मागे उभा राहून. सहाव्या दिवशी आम्ही मशीन चालू केलं. पहिला अर्ज अन्सारीचा. सहा ठोके. दुसरा मोमिनाचा, सहा. नंतर मी मोजायचं सोडून दिलं. दुपारपर्यंत रांग संपली. लोकांना काय करावं कळेना, काहीजण सवयीने तलावावर जाऊन आंघोळ करून आले. चांगदेवांनी चोपडी मिटली आणि म्हणाले, "आता माझ्यापेक्षा बरं आहे," आणि दुसऱ्यांदा नारळ घेऊन गेले.

उरली फक्त झेडची कार्डं. त्यांची चिठ्ठी तोवर मी चांगदेवांच्या चोपडीत बघून हाताने देत होतो, त्यामुळे त्यांची घाई कुणालाच नव्हती, पण अट ती अट. केसरीनाथ पंचिंगच्या स्टुलावर बसला. एका बोटाने, उजव्या, शोधून शोधून. पाडलेलं कार्ड शेजारच्या यंत्रावर चंद्राकडे जाई. तपासणीचं यंत्र सोपं आहे. कार्ड घालायचं आणि अर्जावरून तीच अक्षरं पुन्हा मारायची. भोकाशी जुळलं तर कार्ड पुढे. नाही जुळलं तर लाल दिवा, आणखी दोन संधी, आणि तिसऱ्यांदाही नाही जुळलं तर यंत्र कार्डाच्या कडेला खाच मारतं. खाच पडली की कार्ड बाद. नवं पाडायचं.

पहिल्या दिवशी त्याची एकशे चाळीस बाद झाली. सगळी खरोखर चुकीची. ती मी त्याच्याकडे परत नेऊन द्यायचो. "साहेब, चुकलं." एवढंच बोलायची मला परवानगी होती. चंद्रा मान वर करत नसे. तिसऱ्या दिवशी चाळीस बाद झाली. पाचव्या दिवशी सकाळपासून एकही नाही. माणूस शिकत होता. मला त्याची जराशी दया आली. आली आणि गेली.

जेवणानंतर मी चंद्राच्या खांद्यामागे उभा होतो. अर्जावर नंबराचा शेवटचा आकडा आठ. कार्डात आठाचंच भोक, मी वाचलं. चंद्राने सात दाबला. लाल दिवा लागला. तिने अर्जाकडे नीट बघितलं आणि पुन्हा सात दाबला. मग तिसऱ्यांदा, सावकाश, सात. यंत्राने खाच मारली.

तासाला दहा हजार वेळा पडणारी आणि आजवर एकदाही न चुकलेली बोटं. मी तिच्याकडे बघितलं.

"नेऊन दे," ती म्हणाली.

मी कार्ड केसरीनाथपुढे ठेवलं. "साहेब, चुकलं."

त्याने ते उजेडाकडे धरलं. अर्ज शेजारी घेऊन एकेक भोक बोटाने मोजलं, दोनदा. मोजता यायला लागलं होतं त्याला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग चंद्राच्या पाठीकडे. मग खिडकीकडे, जिथे आता कुणीच उभं नव्हतं, ज्याला सांगावं असं कुणीच नव्हतं.

त्याने गठ्ठ्यातून कोरं कार्ड काढलं, यंत्रात सरकवलं आणि बोट वर धरून पहिलं अक्षर शोधायला लागला.